सभेचं ठिकाण : पिवळी बस

९ जानेवारी

मार्लिसबाई म्हणाल्या, "जे विसरशील अशी भीती वाटते, ते लिहून ठेवत जा." मला सगळंच विसरेन अशी भीती वाटते, म्हणून ही वही घेतली. कचेरीचं कचेरीच्या कागदांत, बाकीचं इथे.

प्रादेशिक नियोजन परिषदेत कारकून म्हणून लागून आठवडा झाला. जूनपर्यंत काम पाहतील, मग ठेवायचं की नाही ते ठरवतील. शाळा अकरावीत सुटलेल्या मुलाला कुणी खुर्ची देईल असं वाटलं नव्हतं. मार्लिसबाई इथल्या संचालक. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "अर्जात एकही चूक नाही. कुणाकडून तपासून घेतलास?" मी म्हणालो, "शब्दकोशाकडून." त्या हसल्या नाहीत, पण नोकरी दिली. शब्दकोश आता टेबलावर डाव्या हाताला असतो.

परिषद आयोवातल्या चार काउंट्यांची, म्हणजे जिल्ह्यांची, मिळून आहे. सभासद नऊ. दरवर्षी रस्त्यांचा आणि पुलांचा आराखडा करून आम्ही तो राजधानीत पाठवतो. तिथे आमच्याच भागाचे आमदार तो पहिल्यांदा वर्तमानपत्रात वाचतात, आणि तोवर त्यांनी भलत्याच रस्त्याला शब्द दिलेला असतो. यंदा बाईंनी सभासदांकडून मंजूर करून घेतलं की दोन्ही आमदारांना पहिल्या बैठकीपासून टेबलाशी बसवायचं. मत द्यायचा अधिकार नाही, पण खुर्ची आहे.

बोलावण्याचं काम माझ्याकडे आलं.

११ जानेवारी

काम वाटलं त्यापेक्षा नाजूक आहे. वरच्या सभागृहाचे आमदार लायल ब्रँड्स्मा आणि खालच्या सभागृहाच्या गेल टीचाउट दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांनी तिला न विचारता एक चौपदरी रस्ता मागितला, तिने त्यांना न विचारता एक वळणरस्ता मागितला, आणि दोघांना ते वर्तमानपत्रातून कळलं. मिळाला कुणालाच नाही.

पत्रात कुणाचं नाव आधी घालायचं यावर माझी सकाळ गेली. शेवटी दोन पत्रं केली. त्यांच्या पत्रात त्यांचं नाव आधी, हिच्या पत्रात हिचं.

मार्लिसबाई म्हणाल्या, "आणि दोघांनी पत्रं शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर?"

"ते बोलत नाहीत, बाई. कशी ठेवतील?"

"हं," त्या म्हणाल्या. "तू इथे टिकशील."

हे त्यांनी खरंच म्हटलं की थट्टेत, कळलं नाही.

१९ जानेवारी

आज माजी सैनिकांच्या हॉलमध्ये आमदारांबरोबर शनिवारची कॉफी होती. दोन आमदार, दोन कोपरे, दोन कॉफीच्या किटल्या. मधल्या टेबलावर दालचिनीचे रोल होते, तेवढी एकच गोष्ट दोन्हीकडची माणसं येऊन घेत होती.

ब्रँड्स्मासाहेब पत्र वाचून म्हणाले, "तीही येणार का?"

"हो, साहेब."

"मग मी आलो नाही तर ती सगळे रस्ते आपल्या दारात नेईल. येतो."

टीचाउटबाईंनी चष्मा लावून वाचलं. "तो येणार?"

"हो, बाई."

"मग मला यावंच लागेल. माझी नावाची पाटी त्याच्या शेजारी नको. त्याला पेनाचं टोपण वाजवायची सवय आहे."

दोघांनी हो म्हटलं. मी घरी येताना गाडीत मोठ्याने म्हटलं, 'आभारी आहे.' कुणाला उद्देशून ते माहीत नाही.

८ फेब्रुवारी

पहिली बैठक झाली. दोन्ही पाट्या टेबलाच्या दोन टोकांना ठेवल्या होत्या. दोघं एकमेकांशी अध्यक्षांमार्फत बोलले.

"अध्यक्षमहोदय, सन्माननीय बाईंना विचारा की त्यांना आणखी कॉफी हवी आहे का, कारण किटली माझ्याकडे आहे."

"अध्यक्षमहोदय, सन्माननीय सदस्यांना सांगा की मी घरून आणली आहे."

मी हे इतिवृत्तात घालू का विचारलं. बाई म्हणाल्या, नको.

मग कामांची यादी वाचली. अकराव्या क्रमांकावर ऑटर नदीवरचा नॉर्डनचा पूल. माझे कान तापले. तो आमचा पूल आहे. बाबांचं शेत, चर्च आणि पलीकडची सगळी घरं त्या पुलावर अवलंबून आहेत. लोखंड इतकं जुनं झालंय की वजनाची मर्यादा बारा टनांवर आणली आहे. शाळेची बस रिकामी असली तरच जाते. ड्वेनकाका, म्हणजे बसचे ड्रायव्हर, रोज सकाळी पुलाशी बस थांबवतात, पोरं उतरून चालत पलीकडे जातात, मागून रिकामी बस जाते, आणि पोरं पुन्हा चढतात. अग्निशमनाचा बंब तर जाऊच शकत नाही, आणि हमरस्त्याने वळसा घ्यायचा तर तासभर मोडतो. काउंटीच्या इंजिनिअरांनी सांगितलंय की यंदाच्या आराखड्यात पूल वर आला नाही, तर जूनमध्ये तो कायमचा बंद.

अकराव्या क्रमांकापर्यंत पैसे कधीच पोचत नाहीत. राज्याचा हिस्सा मिळाला तर गोष्ट वेगळी, आणि तो मिळवणं आमदारांच्या हातात.

कचेरीच्या माणसाने स्वतःच्या दारातल्या पुलासाठी तोंड उघडणं बरोबर नाही. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी मान खाली घालून लिहीत राहिलो.

१० फेब्रुवारी, रविवार

बाबांनी किराणा दुकानातून रिकामी खोकी आणली आहेत. आईची चांगली ताटं वर्तमानपत्रात गुंडाळून एका खोक्यात गेली.

"पूल बंद झाला की मी डब्यूकला तुझ्या बहिणीकडे जाणार," बाबा म्हणाले. "तू गावात खोली घे. कचेरी जवळ पडेल."

"अजून ठरलेलं नाही, बाबा."

"अरे, ऑक्टोबरमध्ये ठरलं की."

ऑक्टोबरमध्ये आमचा गोठा जळाला. बंब पुलाच्या अलीकडे उभा राहिला. ड्वेनकाका आणि गावातले बाकीचे स्वयंसेवक जड नळी खांद्यावर घेऊन पुलावरून धावत आले. घर वाचलं, गोठा गेला. बाबा त्या माणसांना जेवायला बोलवायचं म्हणतात आणि बोलवत नाहीत. मला वाटतं, आभार मानताना आवाज बसेल याची त्यांना भीती वाटते. मलाही तसंच होतं.

"डब्यूकला तुम्ही काय करणार?"

"तिच्याकडे मोठा टीव्ही आहे," बाबा म्हणाले आणि आईचा लोणी ठेवायचा वाडगा गुंडाळायला घेतला.

६ मार्च

आमदारांना आणि सभासदांना रस्ते प्रत्यक्ष दाखवायचं ठरलं आहे. २२ तारखेला, शुक्रवारी. आमदार शुक्रवारी राजधानीतून घरी येतात. कचेरीची व्हॅन, दुपारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये जेवण.

मार्ग मी आखला. नॉर्डनचा पूल मी गाळला. बरंच मन झालं होतं, पण उद्या कुणी म्हटलं की कारकुनाने आमदारांना स्वतःच्या घरावरून फिरवलं, तर? बाईंनी नकाशा बराच वेळ पाहिला.

"इथे एक पूल होता ना?"

"आहे, बाई. माझं घर त्याच्या पलीकडे आहे. म्हणून घातला नाही."

"बरोबर केलंस," त्या म्हणाल्या आणि नकाशा घडी करून पर्समध्ये टाकला. मला हायसं वाटलं. नंतर आपण बाबांवर अन्याय केला असंही वाटलं.

२० मार्च

आज सकाळी दात घासताना एकदम ध्यानात आलं. नऊपैकी सहा सभासदांनी व्हॅनमध्ये येतो म्हटलंय. सहा म्हणजे कोरम. निम्म्याहून जास्त सभासद एका ठिकाणी जमून रस्त्यांवर बोलले की आमच्या आयोवात कायद्याने ती सभाच होते, मग ते ठिकाण व्हॅन का असेना. सभेची सूचना निदान आदल्या दिवशी लावावी लागते. आणि सभा खुली हवी, कुणालाही येता आलं पाहिजे. हे कामावर लागताना मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

टोपी न घालता कचेरी गाठली. "बाई, माझ्याकडून मोठी चूक झाली. सहा जण आहेत."

"अरेच्चा," बाई म्हणाल्या. एकोणीस वर्षं सभा चालवणाऱ्या बाईंच्याही हे ध्यानात आलं नव्हतं, यावरून चूक किती सहज होण्यासारखी होती ते कळतं. "मग सूचना लाव. आज वेळ आहे."

"पण लोक आले तर? व्हॅनमध्ये जागा नाही."

"शाळेला शुक्रवारी सुट्टी आहे. मोठी बस मोकळी असेल. ड्वेनला फोन करते."

त्यांनी फोन केला. बस मोकळी होती. एवढ्या आयत्या वेळी. मी न्यायालयाच्या दारावर, वाचनालयात आणि आमच्या काचेवर सूचना लावली. 'ठिकाण' या शब्दापुढे काय लिहावं कळेना. शेवटी लिहिलं, 'पिवळी शाळेची बस, चालती.' बाईंनी सही करताना तोंडावर हात धरला होता. खोकला असावा.

२१ मार्च

आणखी एक. माजी सैनिकांच्या हॉलची गॅसची शेगडी बिघडली. बाईंना सकाळी फोन आला. पण नशीब असं की नॉर्डनच्या चर्चच्या वोंडाबाईंनी लगेच कळवलं, आमच्या तळघरात जेवायला या, चाळीस माणसांचं करू. एका दिवसात चाळीस माणसांचं. या बायकांचे उपकार कसे फेडावेत कळत नाही.

चर्च नदीपलीकडे आहे. पूल टाळावा म्हणून मी लांबून, हमरस्त्याने जाणारा मार्ग आखून ड्वेनकाकांना दिला.

"फारच नीट नकाशा आहे," ते म्हणाले. "फ्रेम करून ठेवतो."

२२ मार्च

हात अजून थंड आहेत, पण आजच लिहायला हवं.

सकाळी बसशी लोकांची रांग होती. सूचना वाचून ते खरंच आले. वोंडाबाईंच्या मांडीवर पीनट बटरच्या चॉकलेटी वड्यांचा ट्रे होता.

"खुली सभा आहे ना? मग मी खिडकीशी बसणार."

"बाई, तुम्ही जेवण करणार होतात ना?"

"बहिणी करताहेत. मी जनता आहे."

टीचाउटबाई पहिल्या बाकावर बसल्या, ब्रँड्स्मासाहेब शेवटच्या. मधे जनता आणि सभासद. मी ड्वेनकाकांच्या मागे उभा राहून इतिवृत्त लिहीत होतो. इथेनॉल कारखान्याचा रस्ता पाहिला, गावाबाहेरचं वळण पाहिलं. सगळं नकाशाप्रमाणे. मग हमरस्त्याला लागायच्या फाट्यावर रस्ता सपाट करणारा ग्रेडर आडवा उभा. त्याचा ड्रायव्हर आत बसून सँडविच खात होता. आम्हाला पाहून त्याने हात केला.

"आता?" मी विचारलं.

"आता नदीच्या रस्त्याने, पुलावरून," ड्वेनकाका म्हणाले. "पर्याय नाही. तुझा नकाशा चांगला होता रे, पण ग्रेडरने तो वाचलेला दिसत नाही."

पुलाशी त्यांनी बस थांबवली आणि दार उघडलं. "सगळे उतरा. चालत पलीकडे. बस मागून येते."

अध्यक्ष म्हणाले, "आम्ही पण?"

"पोरांना जो नियम, तोच आमदारांना. भरलेली बस हा पूल घेत नाही. आणि माझं पेन्शन जवळ आलंय."

मी मार्लिसबाईंना हळूच विचारलं, सूचनेत ठिकाण बस लिहिलंय, उतरल्यावर सभा तहकूब धरायची का. त्या म्हणाल्या, "बस दिसतेय ना तुला? मग चालू आहे. लिही."

नदीला पूर होता. फळ्यांमधल्या फटींतून तपकिरी पाणी दिसत होतं आणि वाऱ्याने कठडा वाजत होता. मधे पोचल्यावर टीचाउटबाई थांबल्या. मागून ब्रँड्स्मासाहेब आले.

"लायल, हात दे," बाई म्हणाल्या. "मैत्री म्हणून नाही. गुडघ्यासाठी."

"गुडघ्याला माझा विरोध नाही."

"कशाला तरी नाही म्हणायचा."

"खाली बघू नकोस, गेल."

"खाली नाही, तुझे बूट बघतेय. बारा वर्षं आमदार आहेस आणि चिखलाचा एक डाग नाही."

अध्यक्ष दहा पावलं पुढे होते. त्यांच्यामार्फत काहीच गेलं नाही.

वोंडाबाई ट्रे छातीशी धरून चालत होत्या. "माझी नातवंडं रोज येतात अशी. वारा असला की मोठी पोरं लहानांना जाकिटाच्या टोपीला धरतात."

ब्रँड्स्मासाहेबांनी वाकून फळ्यांमधल्या फटीतून पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "बंब कुठून जातो?"

"जात नाही," वोंडाबाई म्हणाल्या.

"आणि आग लागली तर?"

वोंडाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं.

पुलाच्या पलीकडे आमचं कुंपण लागतं. तिथे बाबा उभे होते. नेमकी आजच त्यांनी दाढी केली होती आणि रविवारचा कोट घातला होता, हे एक बरं झालं. त्यांच्या मागे गोठ्याचा काळा पाया.

ब्रँड्स्मासाहेबांनी विचारलं, "हे काय जळलं?"

"गोठा," बाबा म्हणाले. "घर राहिलं. ड्वेन आणि पोरांनी नळी खांद्यावर घेऊन या पुलावरून पळवली. गायी आधीच बाहेर गेल्या होत्या, त्या माझ्यापेक्षा शहाण्या."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्हाला कोण सांगणार? तुम्ही दोघं एकमेकांनासुद्धा काही सांगत नाही."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. टीचाउटबाईंनी अजून साहेबांचा दंड सोडला नव्हता. त्या म्हणाल्या, "मला पेपरात वाचायला मिळालं. हेही." रिकामी बस खडखडत पुलावरून आली.

मग बाबांनी एक गोष्ट केली, जी ते ऑक्टोबरपासून करू शकले नव्हते. ड्वेनकाका बसमधून उतरल्यावर त्यांनी त्यांचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. "जेवायला ये," एवढंच म्हणाले. आवाज बसलाच, पण शब्द निघाले.

"आत्ताच निघालोय की जेवायला," ड्वेनकाका म्हणाले. "चल, बसमध्ये चढ. खुली सभा आहे."

चर्चच्या तळघरात हॅमचे गोळे, राजम्याची तिखट चिली आणि दालचिनीचे रोल होते. दोन्ही आमदारांना एकाच टेबलाशी बसावं लागलं, कारण वोंडाबाईंच्या बहिणींनी खुर्च्या कमी मांडल्या होत्या. घाईत झालं असणार. मी दुरून पाहिलं. साहेब कागदी रुमालावर काही लिहीत होते आणि बाई त्यांचं पेन ओढून घेऊन खोडत होत्या.

२३ मार्च

मी बाईंना लिहून देणार होतो की कालचा सगळा घोटाळा माझ्यामुळे झाला. कोरम विसरलो म्हणून लोक, लोक आले म्हणून मोठी बस, मोठी बस म्हणून पुलावर पायपीट, आणि ज्या पुलापासून सगळ्यांना दूर ठेवलं होतं त्याच पुलावर नेलं. फोनवर सांगितलं. बाई म्हणाल्या, "आर्लेन, आज शनिवार आहे. झोप."

१२ एप्रिल

आज आराखड्यावर मतदान. पुलाचा विषय आला तेव्हा मी उभा राहून सांगितलं की माझं घर त्याच्या पलीकडे आहे, आणि बाहेर जाण्याची परवानगी मागितली. कारकुनाला मत नसतं, असं अध्यक्ष म्हणाले. मार्लिसबाई म्हणाल्या, "जाऊ द्या त्याला. टिपण मी ठेवते."

बाहेर बाकावर बसलो. आतून आधी ब्रँड्स्मासाहेबांचा आवाज आला, मग टीचाउटबाईंचा, मग दोघांचा एकदम, मग हसणं. कशाला हसले कळलं नाही. दार उघडून मार्लिसबाई म्हणाल्या, "आत ये, पुढचा विषय सुरू झालाय."

"काय झालं?"

"टिपणात वाच. अक्षर लावता आलं तर."

अक्षर लागलं. नॉर्डनचा पूल दुसऱ्या क्रमांकावर. दोन्ही आमदार राज्याच्या हिश्शासाठी मिळून प्रस्ताव आणणार. तोवर इंजिनिअर पुलाला टेकू देणार आणि बंदीचा हुकूम मागे घेणार. एकमताने.

मी 'एकमताने' हा शब्द शब्दकोशात पाहिला. बाईंनी बरोबर लिहिला होता. मग पुन्हा एकदा पाहिला.

४ मे, शनिवार

पोरं अजून पुलावरून चालतच जातात, नवा पूल होईपर्यंत जातील. पण राज्याचा हिस्सा मंजूर झाला. ठरावावर दोन नावं आहेत, आणि कुणाचं आधी यावरून त्यांनी एक दुपार घालवली असं ऐकलं. मला कायम केलं. मार्लिसबाईंनी सांगितलं तेव्हा मी आभाराचं एक वाक्य तयार ठेवलं होतं, ते म्हणायचंच राहिलं. त्या म्हणाल्या, "पोचलं."

आज या मोसमातली शेवटची कॉफी. एक कोपरा, एक किटली. साहेब पेनाचं टोपण वाजवत होते. टीचाउटबाईंनी ते काढून आपल्या पर्समध्ये टाकलं.

कुणाकुणाचे आभार मानायचे राहिले याचा विचार करताना मला शेगडी आठवली. ती बिघडली नसती तर आपण नदीपलीकडे गेलोच नसतो. म्हणून हॉलच्या रखवालदाराला विचारलं, शेगडी कुणी दुरुस्त केली, त्यांना भेटायचं आहे.

"शेगडीला काय झालं होतं?" तो म्हणाला.

म्हणजे कुणीतरी येऊन गुपचूप दुरुस्त करून गेलं, रखवालदाराला पत्ताही नाही. आमच्या भागात अशी माणसं आहेत. काम करतात आणि बोलत नाहीत.

घरी आलो तेव्हा बाबा आईची ताटं खोक्यातून काढून कपाटात लावत होते. उद्या ड्वेनकाका आणि नळीवाले सगळे जेवायला येणार आहेत. मी त्यांना शेगडीचं सांगितलं. मग ग्रेडरचं आणि कमी पडलेल्या खुर्च्यांचंही. ते हातातलं ताट खाली ठेवून हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि का ते काही केल्या सांगेनात.

"तू तसाच राहा, पोरा," एवढंच म्हणाले.

मला कळलं नाही. पण गोठा जळाल्यापासून बाबा असे हसले नव्हते, म्हणून मीही हसलो आणि रिकामी खोकी दुमडून मागच्या दाराशी ठेवून आलो.